बारा आणे

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीत बसवलेलं हातभर रुंदीचं एक कपाट होतं. त्याला दोन कुलपं. एक किल्ली वडिलांच्या जानव्याला बांधलेली, दुसरी गल्ल्यात. दारावर वडिलांनी स्वतःच्या हातानं उर्दूत ‘जहर’ आणि त्याखाली बाळबोध अक्षरात ‘विष’ असं लिहिलं होतं. लहानपणी मला वाटायचं, दोनदा लिहिलंय म्हणजे आत दुप्पट विष असणार. आत खरं काय होतं ते दुकानात बसायला लागल्यावर पाहिलं. टिंक्चर ओपियमची तपकिरी बाटली, डोव्हर्स पावडरची बरणी, पेथिडीनची एखादी पेटी आणि कापसात गुंडाळून ठेवलेली, अफूतूनच निघणाऱ्या मॉर्फिनची इंजेक्शनं. सगळं मिळून एका डब्यात मावलं असतं.

दुकान सुलतान बाजारात, बडी चावडीकडे जाणाऱ्या गल्लीत. वडील मूळचे नांदेडकडचे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी हैदराबादेत औषधाचं दुकान टाकलं. तेव्हा नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद ही सगळी याच राज्यात होती, त्यामुळे परमुलखात आलो असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. सुलतान बाजारात मराठी दुकानदार, मराठी वकील, पलीकडे विवेकवर्धिनी शाळा. गिऱ्हाइकाशी दखनीत बोलायचं, हिशेब उर्दूत लिहायचा आणि भांडायचं मराठीत, अशी आमच्या घरची रीत. दुकान आता नाही. तिथे साड्यांचा सेल लागलेला असतो.

अफूबद्दल कुणी काही बोललं की माझ्या डोळ्यासमोर ते कपाट येतं. पण अफू कपाटात गेली ती फार उशिरा. त्याआधी ती घराघरात होती. आमच्या आजीच्या बटव्यात खसखशीची वाळलेली बोंडं असत. ती उकळून त्या पाण्यानं दुखरा सांधा शेकायचा. शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवून झोळीत टाकत, हे मराठवाड्यात ऐकलं नाही असा माणूस माझ्या वयाचा नसेल. शार्ङ्गधर संहितेत अहिफेन आहे, युनानी हकिमांच्या बर्शाशात अफू आहे. विलायती क्लोरोडाइन अर्ध्या हिंदुस्थानच्या घरात असायचं, त्यात तर मॉर्फिन आणि क्लोरोफॉर्म दोन्ही होती. लोक ते जुलाबावर घेत. मुंबईचा जे. जे. दवाखाना ज्यांच्या देणगीतून उभा राहिला त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती मुख्यतः चीनच्या अफूची. म्हणजे आपल्याला अफूचं वावडं आहे हे म्हणणं काही खरं नाही.

वावडं आलं ते नादामुळे. चंडूखान्यात पडलेला माणूस सगळ्यांनी पाहिला होता. ‘चंडूखान्यातली गप’ हा वाक्प्रचार आम्ही आजही वापरतो. स्वातंत्र्यानंतर सरकारनं अफू खाण्याचा परवाना हळूहळू मागे घेतला आणि १ एप्रिल १९५९ पासून औषधाखेरीज अफू खाणं बंद झालं. वडील सांगत, त्या वर्षी दोन-तीन म्हातारे रोज दुकानापुढे येऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. वडील त्यांना चहा पाजून घालवून द्यायचे.

आता एक गंमत सांगतो. दुखणं थांबवण्याच्या विद्येत या शहराचं नाव एके काळी जगभर गाजलं होतं, आणि तेही आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. इंग्रज रेसिडेंटची कोठी शेजारी, म्हणून त्या भागाला आजही कोठी म्हणतात. १८८५ साली तिथे एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन आले. मुसी नदीकाठच्या अफजलगंज दवाखान्याचा आणि मेडिकल स्कूलचा कारभारही त्यांच्याकडे आला. लॉरी एडिनबरोत सर्जन साइमच्या हाताखाली शिकलेले आणि क्लोरोफॉर्मचे कट्टर भक्त. क्लोरोफॉर्मनं रोगी दगावतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे. म्हणून नाडी धरून बसू नका, श्वास बघा, एवढाच त्यांचा मंत्र. विलायतेतले डॉक्टर हे मानेनात. तेव्हा सहाव्या निजामाच्या सरकारनं पैसा दिला आणि १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्यावरही लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानं नाक मुरडलं, म्हणून निजाम सरकारनं एक हजार पौंड देऊ केले: तुमचा माणूस पाठवा. १८८९ च्या शेवटी लॉडर ब्रंटन आले. शेकडो कुत्री, माकडं, बकऱ्या यांच्यावर प्रयोग झाले. ब्रंटन आले तेव्हा लॉरींच्या विरुद्ध मताचे होते, जाताना लॉरींच्या बाजूचे झाले. अहवाल ‘लॅन्सेट’नं १८९० साली छापला.

आयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय फडफडून बंद पडू शकतं. पण त्या गडबडीत एक फार चांगली गोष्ट होऊन गेली. लॉरींच्या वर्गात रूपाबाई फर्दूनजी नावाची हैदराबादची पारशी मुलगी होती. तिनं क्लोरोफॉर्म देण्याची विद्या शिकून घेतली आणि पुढे कित्येक वर्षं या शहरातल्या दवाखान्यांत तेच काम केलं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज तिचं नाव घेतात. आमच्या सुलतान बाजारात मात्र ते कुणाला ठाऊक नाही.

वडील ही सगळी हकीकत दुकानात आलेल्या कुणालाही ऐकवत. मला त्या कथेतलं एक खटकायचं, ते फार उशिरा शब्दात मांडता आलं. निजामानं पैसा ओतला, लंडनहून माणूस आणला, एवढी प्राणिहत्या केली, ती सगळी टेबलावरच्या दुखण्यासाठी. सर्जनच्या सुरीखालचं दुखणं तासा-दीड तासाचं. पण ज्याच्यावर सुरी चालवून उपयोगच नाही त्याचं दुखणं महिनोन्‌महिने चालतं, तेही घरात, बाजेवर. त्यासाठी आयोग कधी बसला नाही. ते दुखणं बायकांनी सोसायचं आणि बायकांनीच काढायचं, अशी समजूत.

१९८५ साली दिल्लीनं अमली पदार्थांचा नवा कायदा केला. तो १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात. अफूचे इंग्रजांच्या वेळचे दोन कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा रद्द करून एकच जाडजूड कायदा आला. त्याचा रोख हेरॉइनवाल्यांवर होता आणि त्यात चूक काही नव्हतं. पण शिक्षा पाहा: कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड. माल किती सापडला याचा फारसा विचार नव्हता. मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची तफावत २००१ च्या दुरुस्तीत आली. एखाद्या दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर ठेवण्याचा परवाना, आणण्याचा परवाना, पाठवणाऱ्या राज्याचा परवाना, वाहतुकीचा परवाना. प्रत्येकाची मुदत वेगळी. चौथा हातात येईपर्यंत पहिला संपलेला. हे सगळं करून मिळणार काय, तर दोन रुपयांची गोळी. कोण करील?

मी नाही केलं. तेव्हा दुकान माझ्याकडे आलं होतं, वडील फक्त सकाळी येऊन बसत. १९८६ साली परवान्याचं नूतनीकरण आलं आणि मी ते केलं नाही. रजिस्टरमध्ये एखादा आकडा चुकला, एखादी नळी फुटली आणि तिची नोंद राहिली, तर? माझी दोन मुलं शाळेत होती. वडील म्हणाले, “राहू दे रे. कुणाला तरी लागतं.” मी म्हणालो, “लागेल त्याला लागेल, आपल्याला काय करायचंय?” कपाट रिकामं केलं, उरला माल नियमाप्रमाणे जमा केला, पावती घेतली. पुढे त्या कपाटात मी दुकानाच्या जुन्या चिठ्ठ्या ठेवत असे.

१९८९ च्या पावसाळ्यात एक माणूस डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर मॉर्फिन. बायकोसाठी. मी नाही म्हटलं. “मग कुठे मिळतं साहेब?” त्यानं दखनीत विचारलं. मी म्हटलं, मालूम नहीं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, छत्री उघडली आणि गेला. मला खरंच माहीत नव्हतं हे खरं आहे. मी माहीत करून घेतलं नव्हतं हेही खरं.

दोन वर्षांनी आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच पुढे गेलेला होता. रेडिएशनचे शेक दिले, काही महिने बरे गेले, मग कंबरेतून पायात कळा सुरू झाल्या. डॉक्टरनं पेंटाझोसिनचं इंजेक्शन सांगितलं. त्याचा असर तीन-चार तास, आणि एका हद्दीपुढे वाढवून उपयोग नाही. रात्री दोनला असर उतरायचा. कंपाउंडर सकाळी सातला यायचा. मधले पाच तास आई पदराचा बोळा तोंडात धरून पडायची, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. नातवंडांना तिनं हट्टानं नांदेडला पाठवलं. एका पहाटे मला म्हणाली, “तुझं एवढं औषधाचं दुकान, आणि घरात औषध नाही?” टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच कळत नव्हतं.

त्या आठवड्यात मी शहरातल्या अकरा दुकानांत आणि एका मोठ्या दवाखान्यात मॉर्फिन मागितलं. सगळीकडे मीच काउंटरच्या पलीकडे उभा असल्यासारखं वाटलं. तोच चेहरा, तेच “नाही”, चिठ्ठी परत देताना तीच घाई. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं की मॉर्फिननं श्वास बंद पडतो, सवय लागते, शेवटचं औषध आहे ते. आईचं वजन तेव्हा चौतीस किलो होतं. सवय लागायला तिच्याकडे किती दिवस होते, हे मी त्याला विचारलं नाही. आई ऑगस्टात गेली.

मला नंतर वाटत राहिलं की हे आमच्याच नशिबी आलं. तसं नव्हतं. कायदा आल्यावर देशातला मॉर्फिनचा वापर कोसळत गेला. बारा वर्षांत ९७ टक्क्यांनी. १९९७ साली अख्ख्या भारतात वापरलं गेलं ते जेमतेम १८ किलो. मी दुकानदार आहे, मला आकडा सुटा बघवत नाही, त्याचा हिशेब लागतो. एका रोग्याला दिवसाला ६० मिलिग्रॅम धरा, तीन महिने. झाले ५.४ ग्रॅम. अठरा किलोत बसतात साधारण ३,३०० माणसं. सबंध देशात. आणि हा तोच देश, ज्याच्या मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, गाझीपूरच्या कारखान्यात १८२० पासून शिजते आणि जगभरच्या औषध कंपन्यांना विकली जाते. पिकवायचं आपण, दुसऱ्यांच्या दुखण्याला पाठवायचं आणि आपल्या माणसांनी पदराचा बोळा चावायचा!

आणखी एक तिरपागडं. दिल्लीनं कुलूप लावलं १९८५ साली. जिनीव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्याचं पुस्तक काढलं १९८६ साली. त्यात सांगितलं होतं: औषध तोंडानं द्या, घड्याळाप्रमाणे द्या, पायरी पायरीनं चढवा, साध्या पॅरासिटामॉलपासून सुरुवात करून गरज पडेल तेव्हा मॉर्फिनपर्यंत जा. लंडनला सिसिली साँडर्स हे १९६७ पासून सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्यांची काळजी घेणाऱ्या दवाखान्यात, करून दाखवत होत्या. त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी दुखणं निवारण्याचा दवाखाना काढला आणि मॉर्फिनच्या गोळ्या घरी द्यायला लागले. पुण्यात वारज्याला सिप्ला कंपनीचं असंच केंद्र १९९७ मध्ये आलं. १९९८ साली दिल्लीनं राज्यांना सांगितलं की नियम सोपे करा. पुष्कळ राज्यांनी ते पत्र फायलीला लावलं. मी या सगळ्याबद्दल एक अक्षर ऐकलं नव्हतं. औषधाच्या धंद्यात असून.

हैदराबादेत कॅन्सरचा सरकारी दवाखाना म्हणजे रेड हिल्सवरचा एमएनजे. नाव मेहदी नवाज जंग यांचं. हे निजामाच्या जमान्यातले अधिकारी, पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल. बंजारा हिल्सवर मोठमोठ्या धोंड्यांतच त्यांनी आपलं घर बांधलं आणि त्या घरामुळे टेकड्यांना ते नाव पडलं, असं जुने हैदराबादी सांगतात. १९५५ मध्ये त्यांच्या खटपटीनं हा दवाखाना उभा राहिला, धर्मादाय म्हणून. लकडी का पूलवरून वर चढलं की निलोफर आणि त्याला लागून हा. फुटपाथवर पथाऱ्या टाकून बसलेल्या माणसांत निम्मी तेलुगू असतील, पण कान देऊन ऐका: देगलूरची मराठी, उदगीरची मराठी, बीदरची अर्धी मराठी. राज्य १९५६ ला तुटलं, पण दुखणाईत माणसानं हैदराबादची वाट सोडली नाही.

इथे २००६ च्या सुमाराला डॉ. गायत्री पलाट यांनी वेदनाशामक उपचारांचा विभाग सुरू केला. त्या भूलतज्ज्ञ, म्हणजे धंदा रूपाबाईंचाच, फक्त टेबल सोडून बाजेपर्यंत आलेला. २००९ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने भारतातल्या कॅन्सर रोग्यांच्या दुखण्यावर एक अहवाल काढला, त्यात अनेक मोठ्या कॅन्सर दवाखान्यांतही मॉर्फिन मिळत नसल्याची नोंद आहे. एमएनजेत मिळत होतं. हे मला कळलं २०१२ साली, अक्कामुळे.

अक्का माझी थोरली बहीण, नांदेडला दिलेली. छातीचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन सहा वर्षं झालेली, आणि आता मणक्यात आणि खुब्यात उतरलेला. भाचा तिला काचीगुड्याच्या गाडीनं घेऊन आला. रात्रभर ती बसूनच आली, आडवं होववत नव्हतं म्हणून. सकाळी रिक्षातून एमएनजेला नेताना प्रत्येक खड्ड्याला तिनं माझा हात असा दाबला की संध्याकाळी पाहिलं तर नखांचे वळ होते.

वेदना विभागाच्या खोलीत एक नर्स होती, मलयाळी असावी. तिनं अक्काला दखनीत विचारलं, “अम्मा, दर्द कितना? झीरो से दस में?” अक्का विचारात पडली. सत्तरीची बाई, दुसरी शिकलेली. तिच्या डोक्यात दहाचं माप नव्हतंच. म्हणाली, “बारा आणे.” नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सोळा आण्यांचा रुपया. सोळा म्हणजे पुरतं, बारा म्हणजे पाऊण. तिनं मनात हिशेब केला. साडेसात लिहिता येत नाही म्हणून आठ लिहिले. मग विचारलं, रात्री किती आणे? अक्का म्हणाली, “रात्री रुपयाच.”

मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो. आईला कुणी विचारलं नव्हतं किती दुखतं म्हणून. मीही नाही.

दहा मिलिग्रॅमची पांढरी गोळी. दर चार तासांनी एक: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे दोनच्या डोससाठी उठायला नको. पैसे पडले नाहीत. नर्सनं कागदावर सूर्य आणि चंद्र काढून दिले. दुखायची वाट बघू नका, म्हणाली, घड्याळ बघा. मधे कळ आली तर एक गोळी जास्तीची द्या आणि वहीत लिहा. त्या वहीवरून आम्ही पुढचा डोस ठरवू. पहिल्या दिवसापासून जुलाबाची गोळी चालू; मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच होतो आणि तो आपण होऊन जात नाही. सुरुवातीचे काही दिवस मळमळेल, त्याची वेगळी गोळी. दोन-तीन दिवस खूप झोप येईल. घाबरू नका, कित्येक महिन्यांची उधारी आहे ती. पॅरासिटामॉल सोडू नका. मणक्यावर एकदाच शेक देऊ. पायात विजेसारखी चमक जाते म्हणताय, ती नसेची, तिचं औषध निराळं.

मी दुकानदारी अक्कल पाजळलीच. सवय लागेल का? ती म्हणाली, हळूहळू वाढवलं, दुखण्यापुरतं दिलं, तर सहसा नाद लागत नाही. फक्त एकाएकी बंद करायचं नाही. आणि श्वास? “श्वास बघत राहा,” ती म्हणाली. “फार सावकाश वाटला, हाक मारून उठल्या नाहीत, तर फोन करा.” लॉरीसाहेबाचा मंत्र सव्वाशे वर्षांनी मला असा मिळाला.

पहिल्या रात्री मी अक्काच्या खाटेशी खुर्ची टाकून बसलो, मनगटावरचं घड्याळ हातात काढून. मिनिटाला चौदा. पुन्हा मोजले, चौदा. दोन वाजता ती उठेल म्हणून मी तयार होतो. उठली नाही. तीनलाही नाही. मी दोनदा तिच्या नाकाशी हात नेला. सहा वाजता गोळी द्यायला उठवलं तेव्हा ती आडवी होती, डाव्या कुशीवर. चार महिन्यांत पहिल्यांदा. मला म्हणाली, “तू का जागा?”

चौथ्या दिवशी चार आणे. मग डोस एकदा वाढवला, पुन्हा एकदा वाढवला. मधे एक आठवडा वाईट गेला. जुलाबाची गोळी भाच्यानं विसरून चुकवली आणि पोट असं आवळलं की मॉर्फिनचाच दोष समजून अक्का ते सोडायला निघाली. त्या आठवड्यात मला पटलं की या औषधाची अर्धी विद्या पोट साफ ठेवण्यात आहे. बाकी दिवस ती खाटेवर बसून मेथी निवडायची, शेजारच्या तेलुगू बाईला थालीपीठ कसं थापायचं ते खुणांनी शिकवायची, माझ्या बायकोच्या मिठाला नावं ठेवायची. दोनदा हट्ट करून तिला सुलतान बाजारात नेलं, आमचं दुकान होतं तिथे. साड्यांच्या सेलमध्ये तिनं सुनेसाठी साडी घेतली. भाव केला, साठ रुपये उतरवले.

गोळ्या सुरू झाल्यावर ती साडेचार महिने होती. शेवटच्या चार दिवसांत गिळवेना, तेव्हा गोळी कुटून चमचाभर पाण्यात द्यायला शिकवलं होतं तसं दिलं. दुखणं अगदी गेलं असं नाही. कूस बदलताना कण्हायची. पण पदराचा बोळा तिनं कधी तोंडात घेतला नाही, आणि नातवंडं शेवटपर्यंत खोलीत होती.

२०१४ च्या फेब्रुवारीत संसदेनं कायदा दुरुस्त केला. त्यानुसार केंद्र सरकारनं पुढे मॉर्फिन धरून सहा औषधं ‘आवश्यक’ ठरवली आणि मान्यता दिलेल्या दवाखान्याला एकच परवाना पुरेसा केला. तेलंगणानं पुढे चेवेळ्यापासून सुरुवात करून जिल्ह्या-जिल्ह्यांत असे विभाग काढले. ‘आलना’ नावाच्या या योजनेच्या गाड्या रोग्याच्या घरी जातात. तरी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानं (हो, पुन्हा लॅन्सेट, पुन्हा आयोग, या वेळी बाजेवरच्या दुखण्यासाठी) जगाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या चार टक्के मॉर्फिनच रोग्यापर्यंत पोचत होतं. शंभरातले चार. रुपयातला आणासुद्धा नाही.

अक्काच्या तेराव्यानंतर मी वही घेऊन एमएनजेला गेलो. उरलेल्या गोळ्या सेहेचाळीस. नर्सनं त्या माझ्यासमोर मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिल्या, मी सही केली. तिच्या मागच्या कपाटाला दोन कुलपं होती.

कुणाच्या घरी असं माणूस असेल तर त्यांनी एमएनजेच्या वेदना विभागात जावं, किंवा आपल्या जवळच्या कॅन्सर दवाखान्यात हा विभाग कुठे आहे ते विचारावं. शेवटी नव्हे, दुखायला लागल्यावर लगेच. आणि जाताना दुखतं कधी, कुठे, किती, ते वहीत लिहून न्यावं. आण्यांत लिहिलं तरी चालतं.